रिक्षा चालवणारा मुख्यमंत्री झाला, पण आजचा रिक्षावाला नगरसेवक तरी होईल का?

वागळेकर (धागालेखक)

नमस्कार मंडळी,

महापालिका निवडणुकीचा गुलाल खाली बसला. आता जरा शांतपणे बोलता येईल म्हणून हा धागा काढतोय. मला कुठल्या पक्षाची तळी उचलायची नाही आणि कुणाला झोडपायचंही नाही. कष्टकरी घरातून आलेल्या माणसाला राजकारणात ही ओळख किती साथ देते, कुठवर नेते आणि कुठे आडवी येते, एवढाच विषय आहे.

आपल्या ठाण्यात हा विषय पुस्तकी नाही. साताऱ्यातल्या दरे गावचं एक कुटुंब पोटापाण्यासाठी इथे आलं, त्यातला मुलगा, एकनाथ शिंदे, वागळे-किसननगर भागात वाढला, त्याने रिक्षा चालवली. १९९७ ला नगरसेवक, २००१ ला महापालिकेत सभागृह नेता, २००४ ला आमदार आणि ३० जून २०२२ ला मुख्यमंत्री. सध्याचे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक, ओवळा-माजिवड्याचे आमदार, त्यांनीही उमेदीच्या काळात रिक्षा चालवली आहे. एकाच शहराने निवडून दिलेले दोन माजी रिक्षाचालक एका मंत्रिमंडळात असणं ही साधी गोष्ट नाही. मत कुणाला देतो तो भाग वेगळा, पण मला याचा अभिमान वाटतो. २०२२ मध्ये शिंदेंना 'रिक्षावाला' म्हणून हिणवलं गेलं, तेव्हा त्यांनी तोच शब्द उचलून रिक्षापुढे मर्सिडीज मागे पडली असं उत्तर दिलं होतं. आमच्या चाळीत त्या दिवशी त्यांच्या विरोधातली माणसंसुद्धा खूश होती.

पण गोष्ट सांगताना आपण रिक्षेची सांगतो. शिंदेंना वर नेलं ते रिक्षेने नव्हे, शिवसेनेच्या शाखेने. माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. संध्याकाळची शाखा मी लहानपणी पाहिली आहे. बाकड्यावर दहा-बारा माणसं बसलेली. कुणाला रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचं असायचं, कुणाच्या गल्लीत नळाला पाणी नसायचं, कुणाचा मुलगा पोलीस चौकीत बसवून ठेवलेला असायचा. ही कामं करणारा पोरगा कंपनीतून सुटून किंवा रिक्षा लावून यायचा. त्याच्याकडे पैसा नसायचा, पण गल्लीतलं प्रत्येक घर ओळखीचं असायचं. तो आधी गटप्रमुख व्हायचा, मग उपशाखाप्रमुख, मग शाखाप्रमुख. चुणूक दिसली की टेंभीनाक्यावर शिवसेनेच्या जिल्हाप्रमुखांच्या, आनंद दिघेसाहेबांच्या, नजरेत यायचा आणि एखाद्या निवडणुकीत त्याचं नाव पुढे व्हायचं. खर्च संघटना बघायची.

या वेळी आमच्या प्रभागातल्या उमेदवारांची शपथपत्रं मी निवडणुकीआधी वाचली. व्यवसायाच्या रकान्यात बांधकाम, व्यापार, समाजसेवा, गृहिणी. गृहिणी म्हणजे बहुतेक माजी नगरसेवकांच्या पत्नी किंवा सुना. कामगार, चालक, फेरीवाला, घरकाम असं एकाही ठिकाणी नव्हतं. आमच्या प्रभागात निम्म्याहून जास्त लोक हीच कामं करतात.

म्हणून माझा प्रश्न असा, की रिक्षावाला मुख्यमंत्री होऊ शकतो हे आपण पाहिलं, पण ज्या शिडीने तो चढला ती शिडी आज जागेवर आहे का?

साधा मतदार

पार्श्वभूमी वगैरे सगळं भाषणापुरतं असतं. चहा विकला, रिक्षा चालवली, भाजी विकली. निवडून आल्यावर सगळे सारखेच. मी उमेदवाराचं काम बघतो, त्याचा भूतकाळ नाही.

तुर्भेकर

साधा मतदार, तुमचं अर्धं पटतं. पण कष्टाचा भूतकाळ कायद्यात कसा उतरतो त्याचं एक उदाहरण आमच्या घरात आहे.

वडील कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी. आधी मशीद बंदरला होते, मार्केट वाशी-तुर्भ्याला आलं तसे आम्हीही इकडे आलो. पाठीला गोणपाट, हातात आकडा, पहाटेच्या गाड्या खाली करायच्या. वजनाची मर्यादा हा विषय तुम्हाला वर्तमानपत्रात आतल्या पानावर दिसत असेल. पन्नास किलोच्या वरची गोणी उचलायची की नाही यावरून मार्केटमध्ये अजून काम थांबतं. ज्याने कधी गोणी उचलली नाही त्याला साठ आणि पन्नासातला फरक कागदावरचा वाटतो. माझ्या वडिलांच्या मानेचे मणके बघितले की तो कागदावरचा राहत नाही.

अण्णासाहेब पाटलांनी स्वतः पाठीवर ओझी वाहिली होती. १९६९ चा माथाडी कायदा त्यांच्या लढ्यातून आला. मालक बदलला, टोळी बदलली तरी मजुरी बोर्डात जमा होते, वर मालकाला लेव्ही म्हणजे जादा रक्कम भरावी लागते, त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस मिळतो. रोजंदारीवरच्या हमालाला, ज्याचा ठरलेला मालकच नाही, त्याला हे मिळवून देणं सोपं नव्हतं. कामाची तऱ्हा आतून माहीत असल्याशिवाय असा कायदा मागायचा कसा हेच सुचलं नसतं. तेव्हा पार्श्वभूमी भाषणापुरती असते हे मी मान्य करणार नाही.

मात्र अण्णासाहेबांना आमदारकी मिळाली ती विधान परिषदेची. २२ मार्च १९८२ ला मराठा आरक्षणासाठी मोर्चा काढला आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी जीव दिला. हजारो माथाडी त्यांच्या शब्दावर उभे राहायचे, पण मुंबईत किंवा नव्या मुंबईत त्या माणसांच्या मतांवर विधानसभेची जागा जिंकणं वेगळी गोष्ट होती. त्याचं कारण वागळेकरांच्या शिडीच्या प्रश्नाशी जोडलेलं आहे. माथाडी राबतो इथे आणि त्याचं मत असतं गावाला. पाटण, जावळी, शिराळा, आंबेगाव, जुन्नर. मतदानाला आमच्या लोकांनी भरलेल्या गाड्या सुटतात. शशिकांत शिंदे याच माथाडी चळवळीतले, पण आमदार झाले ते जावळी आणि कोरेगावातून. मंत्री झाले, आणि जुलै २०२५ मध्ये राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे प्रदेशाध्यक्ष झाले. म्हणजे ताकद तुर्भ्याची आणि मतदारसंघ साताऱ्याचा. नवी मुंबईच्या एकशे अकरा जागांमध्ये माथाडीचा आवाज का नाही, असं लोक विचारतात. त्याचं निम्मं उत्तर मतदार यादीत आहे.

साधा मतदार

मतदार यादीचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. वाचतोय.

घणसोली गावठाण

तुर्भेकर दादा, छान लिहिलंत. आमच्या बाजूचंही थोडं सांगते.

सिडको १९७० ला आली आणि ठाणे-रायगडच्या पंचाण्णव गावांची जमीन गेली. आजोबा मिठागरावर जायचे, भातशेती होती, खाडीत मासेमारी होती. जमीन गेली आणि घरातले पुरुष ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांच्या गेटवर उभे राहिले. आमच्याकडचं पुढारीपण या गेटवर घडलं. गणेश नाईक श्रमिक सेनेतून आले. कंपनीत पोरगा लावायचा, काढलेल्याला परत घ्यायला लावायचं, ही कामं करत गावोगावचं जाळं तयार झालं. तिथून आमदारकी, मंत्रिपद. वागळेकरांच्या शाखेचं जे काम, तेच आमच्याकडे युनियनच्या ऑफिसने केलं.

पण आमच्यासाठी नेता म्हणजे आधी दि. बा. पाटील. जासईच्या शेतकरी घरातले, शिकून वकील झालेले. पाच वेळा आमदार, दोनदा खासदार, विधानसभेत विरोधी पक्षनेते. गावात मात्र त्यांची आठवण यातल्या कशासाठीच निघत नाही. ती निघते १९८४ च्या जानेवारीसाठी. जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण आलं. आज आमच्या गावात जी चार मजली घरं दिसतात, ज्यांच्या भाड्यावर संसार चालतात, त्यातली कितीतरी त्या साडेबारा टक्क्यांवर उभी आहेत. २०२१ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचं नाव द्या म्हणून मानवी साखळी झाली. मीही त्यात उभी होते. शेजारी जी कॉलेजची मुलं होती त्यांचा जन्मही १९८४ नंतरचा.

कुणाची नेतृत्वाची संधी किती, हे फक्त पदावरून मोजायचं का, एवढंच मला विचारायचं आहे.

जुना ठाणेकर

चर्चा चांगली चालली आहे. वयाने मोठा आहे म्हणून थोडं मागचं सांगतो. नौपाड्यात राहतो, नोकरी मुंबईत होती, ब्याऐंशीचा गिरणी संप जवळून पाहिला.

एक गोष्ट लक्षात घ्या. कामगारांचे म्हणून जे मोठे पुढारी आपण मानतो, कॉम्रेड डांगे, जॉर्ज फर्नांडिस, डॉ. दत्ता सामंत, त्यांच्यातला एकही साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, उभा राहिलेला नव्हता. सामंत तर डॉक्टर. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप फसला, तरी १९८४ च्या काँग्रेसच्या लाटेत त्याच कामगारांनी सामंतांना लोकसभेत पाठवलं. म्हणजे कामगार आपल्यातल्याच माणसाला नेता करतो असं काही नाही. जो मालकासमोर आणि सरकारसमोर बोलू शकेल त्याला तो नेता करतो. इंग्रजी येणारा, कायदा कळणारा. यात कमीपणा नाही, तो व्यवहार आहे.

आणि जे खरोखर गरिबीतून वर आले ते युनियनमधून कमी आणि पक्षातून जास्त आले. सुशीलकुमार शिंदे सोलापूरच्या कोर्टात शिपाई होते, शिकत शिकत फौजदार झाले, मग शरद पवारांनी राजकारणात आणलं. जानेवारी २००३ मध्ये मुख्यमंत्री. २००४ ची निवडणूक त्यांच्या कारकिर्दीत लढली, आघाडी जिंकली आणि मुख्यमंत्री झाले विलासराव. आर. आर. पाटील अंजनीच्या गरीब घरातले, श्रमदान करून शिकलेले, जिल्हा परिषदेतून १९९० ला विधानसभेत गेले आणि उपमुख्यमंत्रिपदापर्यंत पोहोचले. भुजबळ भायखळ्याच्या मंडईत भाजी विकत होते. मुंबईचे महापौर झाले, उपमुख्यमंत्री झाले. मुख्यमंत्रिपद या दोघांनाही मिळालं नाही.

कारणं प्रत्येकाची वेगळी आहेत, सगळं गरिबीच्या माथी मारायचं नाही. पण मला कायम एक गोष्ट दिसली आहे. ज्याच्या मागे कारखाना, बँक, शिक्षणसंस्था नाही त्याला कुणाच्या तरी विश्वासावर उभं राहावं लागतं. वरचा माणूस पाठीशी आहे तोवर वाट मोकळी. वरच्याचं गणित बदललं की हा मोकळा पडतो, कारण त्याच्या स्वतःच्या मालकीचं असं काही नसतं. साखर कारखाना असलेला आमदार पाच वर्षं पडला तरी त्याचा दरबार चालू असतो. रिक्षावाला आमदार पडला तर त्याने दुसऱ्या दिवशी काय करायचं?

वागळेकर

काका, शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. हरल्यावर जगायचं कसं, ही भीती उमेदवारीच्या आधीपासून असते. पैसेवाल्याला हरणं परवडतं.

लंडनचा ठाणेकर

इकडचं एक ताजं उदाहरण देतो, कारण विषय अगदी तोच आहे.

अँजेला रेनर. सोळाव्या वर्षी गरोदर असताना शाळा सुटली. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची शुश्रूषा करायचं काम केलं, तिथून युनिसन या युनियनची प्रतिनिधी झाली. २०१५ ला खासदार, २०२० ला मजूर पक्षाची उपनेती, जुलै २०२४ ला उपपंतप्रधान. तिच्या बोलण्याच्या ढंगावरून इथे सतत टोमणे मारले गेले. २०२२ मध्ये ती एका संगीत नाटकाला गेली म्हणून भर संसदेत तिला डिवचलं. कष्टकरी बाई ऑपेराला जाते म्हणजे ढोंगी! श्रीमंत माणूस गेला असता तर बातमीही झाली नसती. सप्टेंबर २०२५ मध्ये घरखरेदीवरचा मुद्रांक कर कमी भरल्याच्या प्रकरणात तिला राजीनामा द्यावा लागला. नियम मोडला तर जबाबदारी घ्यायलाच हवी, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण गरिबीतून आलेल्या माणसाने मोठं घर घेतलं यालाच लोक आधी नाकं मुरडतात, कर नंतर येतो.

दुसरीकडे ब्राझीलचे लुला. कारखान्यात यंत्रावर काम करताना बोट गेलं, धातुकामगारांचे पुढारी झाले. १९८९, १९९४, १९९८ अशा तीन निवडणुका हरले आणि २००२ ला राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. जुना ठाणेकर काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे दिसतं. तीन वेळा हरूनही ते टिकले, कारण कामगारांनी स्वतःचा पक्ष काढला होता. ते कुणाच्या मर्जीवर नव्हते.

साधा मतदार

मला एक खटकतं, ते मोकळेपणाने लिहितो. पहिल्या पिढीने रिक्षा चालवली, गोण्या उचलल्या, गेटवर भाषणं केली. दुसऱ्या पिढीचं काय? श्रीकांत शिंदे डॉक्टर आणि २०१४ पासून कल्याणचे खासदार. संजीव नाईक नवी मुंबईचे पहिले महापौर, मग खासदार. संदीप नाईकही आमदार होते. अण्णासाहेबांचे चिरंजीव नरेंद्र पाटीलही विधान परिषदेवर होते. या लोकांचं काम चांगलं की वाईट, हा माझा मुद्दा नाही. मुद्दा असा की कष्टकरी घरातला एक माणूस वर गेला की त्याच्यामागे दुसरा कष्टकरी जात नाही, त्याचंच घर जातं.

ऐरोलीवाली

मग कामगाराच्या मुलाने डॉक्टर होऊ नये का? माझे सासरे कंपनीत हेल्पर होते, माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. उद्या तो राजकारणात गेला तर लोक म्हणतील याला कष्ट माहीत नाहीत. मुलांनी आपल्यापेक्षा बरं जगावं म्हणूनच तर सगळा आटापिटा असतो. मुलं पुढे आली यात मला वावगं वाटत नाही. बाहेरच्या नव्या माणसाला दार उघडं राहत नाही, तिथे खरी अडचण आहे.

आणि बायकांचं कुणी बोललंच नाही. पन्नास टक्के जागा २०११ पासून राखीव आहेत. मी बचत गटाचं काम करते. आमच्या गटात धुणीभांडी करणाऱ्या आहेत, पोळ्या लाटून देणाऱ्या आहेत, हॉस्पिटलात आया आहेत. वस्तीतली पाण्याची, शौचालयाची, रॉकेलपासून गॅसपर्यंतची सगळी लढाई यांनी लढली. गेल्या निवडणुकीत यांतली एक जण उभी राहावी म्हणून आम्ही खूप समजावलं. ती चार घरची कामं करते. तिने विचारलं, प्रचाराला महिनाभर सुट्टी घेतली तर चारही घरं दुसरी बाई लावतील, हरले तर ती घरं मला परत मिळतील का? आमच्यापैकी कुणाकडे उत्तर नव्हतं. ज्या पक्षाकडे आम्ही गेलो त्यांनी आधी विचारलं, घरातलं कोण राजकारणात आहे? कुणी नाही म्हटल्यावर चहा पाजून परत पाठवलं.

घणसोली गावठाण

ताई, चार घरांचा हिशेब वाचून गलबलून आलं. हीच गोष्ट निवडणुकीच्या बातम्यांत कधी येत नाही.

स्टँडवरचा

नमस्कार. मी रोज वाचतो, लिहितो क्वचित. मी रिक्षा चालवतो, ठाणे स्टेशन ते लोकमान्यनगर शेअर. गाडी माझी नाही, शिफ्टवर घेतो. सकाळी मालकाचे पैसे डोक्यावर घेऊनच गाडी काढायची, मग सीएनजीची रांग, मग स्टँडला नंबर. दुपारी दोनपर्यंतचा धंदा मालकाचा आणि गॅसचा, त्यानंतरचा माझा. ऑनलाइन चलन आलं की त्या दिवसाचं सगळं गेलं.

शिंदेसाहेबांबद्दल आमच्या स्टँडवर आदर आहे. 'रिक्षावाला' हा शब्द आधी शिवीसारखा ऐकू यायचा, आता तसा येत नाही. प्रवासी भांडताना चटकन तोंड टाकायचे, त्यातही फरक पडला. हे मिळालं, नाही म्हणणार नाही. दिघेसाहेबांच्या नावाने आमच्यासाठी कल्याणकारी मंडळही झालं. पण २०२५ मध्ये याच सरकारने ई-बाइक टॅक्सीला परवानगी दिली. आमच्या धंद्यातून गेलेला माणूस परिवहनमंत्री असताना. संघटनांनी विरोध केला. प्रवाशाला स्वस्त पडतं, पोरांना रोजगार मिळतो, हे सरकारचं म्हणणं मला कळतं. मंत्री झाल्यावर सगळ्या राज्याचं बघावं लागतं, तेही कळतं. म्हणून मी असं मानतो की आपल्यातला माणूस वर गेला की आपला मान वाढतो, पण आपला हिशेब आपोआप सुटत नाही. तो आपल्यालाच मांडत राहावा लागतो.

आता नगरसेवकाचं. वागळेकर, तुम्ही शाखेचं लिहिलंत ते खरं आहे, पण एक मोठी गोष्ट राहिली. पॅनेल. ठाण्यात १३१ जागा आणि प्रभाग ३३. चार-चारचं पॅनेल, एकच प्रभाग तिघांचा. पूर्वी एका वॉर्डाचा एक नगरसेवक असताना माझ्यासारखा माणूस रात्री गाडी लावून घरोघर फिरू शकत होता. आता प्रभाग एवढा मोठा की पायी फिरायचा प्रश्नच नाही. पॅनेलमध्ये चौघांचा खर्च एक-दोघं उचलतात, म्हणून बाकीच्या जागाही त्यांच्या मर्जीतल्याच लागतात. आमचं काम मतदारांना आणायचं-न्यायचं आणि स्लिपा वाटायचं.

तुर्भेकर

पॅनेलच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. नवी मुंबईचा ढोबळ हिशेब मांडतो. २०१५ ला १११ वॉर्ड, प्रत्येकाचा एक नगरसेवक. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या अकरा लाखांच्या वर, म्हणजे वॉर्डाला साधारण दहा हजार माणसं. या वेळी २८ प्रभाग, म्हणजे प्रभागाला चाळीस हजार, आणि तीही जुन्या जनगणनेने. दहा हजारांत माणूस ओळखीवर उभा राहू शकतो. चाळीस हजारांत बॅनर, गाड्या आणि मोबाइलवरचे व्हिडिओ लागतात. मुंबईत अजून एका वॉर्डाला एकच नगरसेवक आहे, मग आपल्याकडेच पॅनेल का, हे कुणीतरी विचारायला हवं.

जुना ठाणेकर

पॅनेलमागे राखीव जागांची मांडणी आणि पक्षांची सोय, दोन्ही आहेत. एकट्याने बंड करून निवडून येणं पॅनेलमध्ये अवघड होतं, म्हणून मोठ्या पक्षांना ते बरं पडतं. जे सत्तेत असतात ते पॅनेल आणतात आणि विरोधात गेले की त्यावर टीका करतात. हे मी एकाहून जास्त वेळा पाहिलं.

वागळेकर

सगळे प्रतिसाद वाचले. माझं म्हणणं आता जास्त स्पष्ट झालंय, ते मांडतो.

कष्टाची पार्श्वभूमी मत मिळवून देते, यात शंका नाही. निवडणुकीत ती सोन्यासारखी चालते, म्हणून तर बांधकाम व्यावसायिकसुद्धा पत्रकात 'सर्वसामान्य कुटुंबातील' असं छापतो. पण उमेदवारी मिळवून द्यायला तिचा काही उपयोग होत नाही, आणि खरी गाळणी तिथेच लागते. मतदाराने रिक्षावाल्याला नाकारलं असं घडतच नाही, कारण मतदारापर्यंत तो पोहोचतच नाही.

ज्यांची नावं आपण वर घेतली त्यांच्या तरुणपणी शहरात अशा काही जागा होत्या जिथे कष्टकरी माणसाला पैशाशिवाय पुढारीपण शिकता यायचं. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत. तिच्या गेटवर, युनियनच्या सभेत, शाखेत, सार्वजनिक मंडळात भाषण करायला, अर्ज लिहायला, साहेबाशी भिडायला माणूस शिकायचा. कंपन्या गेल्या, त्या जागी आयटी पार्क आले. तिथे आमच्या वस्तीतली पोरं सिक्युरिटी आणि हाउसकीपिंगला आहेत, तीही कंत्राटावर. अकरा महिन्यांनी कंत्राटदार बदलतो. त्यांची युनियन कोण आणि कशी बांधणार? शाखा आहेत, पण रेशनकार्डाचं काम मोबाइलवर होतं आणि शाखेत आता नेत्याच्या वाढदिवसाच्या बॅनरची चर्चा असते.

शिंदेंना मिळालेला मान रास्तच आहे. पण त्यांच्याकडे बोट दाखवून 'बघा, कुणीही मोठा होऊ शकतो' असं जेव्हा म्हटलं जातं, तेव्हा मला ते टोचतं. १९९७ चं ठाणे आणि आत्ताचं ठाणे एक नाही.

स्टँडवरचा दादा, एक विचारू का? तुम्ही स्वतः पुढच्या वेळी उभं राहण्याचा विचार केलाय का? तुम्ही ज्या तऱ्हेने मुद्दे मांडलेत तसे मला आमच्या प्रभागातल्या एकाही प्रचारसभेत ऐकायला मिळाले नाहीत.

ऐरोलीवाली

मलाही हेच विचारायचं होतं.

स्टँडवरचा

विचारलंत म्हणून सांगतो. अपक्ष उभा राहणार नाही. बायको-पोरांना घेऊन तो जुगार खेळायचा नाही.

पण आमच्या स्टँडची संघटना दर निवडणुकीत कुणाला ना कुणाला पाठिंबा देते. प्रचाराच्या गाड्या, मागे बॅनर, रॅलीला माणसं, सगळं आमचं. या वेळी पाठिंब्याच्या बदल्यात आम्ही स्टँडवर शेड आणि पेव्हर ब्लॉक मागितले. पुढच्या बैठकीत मी असं मांडणार आहे की शेड नको, चारच्या पॅनेलमधली एक जागा स्टँडवरच्या माणसाला द्या, तो कोण हे आम्ही ठरवू. आमच्यात दोघंतिघं हुशार आहेत, एक तर बी.कॉम. झालेला आहे. अध्यक्षांना हे आवडेल असं वाटत नाही. तुर्भेकर, तुमच्या टोळीतल्या लोकांनी मतदार यादीतलं नाव इकडे आणायचं ठरवलं तर त्याचा फॉर्म कसा भरायचा ते इथे टाका. आमच्याही स्टँडवर निम्म्या लोकांची नावं गावाला आहेत.

तुर्भेकर

फॉर्म ८. पत्ता बदलला की तोच भरायचा, ऑनलाइनही होतो. इथल्या राहत्या पत्त्याचा पुरावा लागेल: वीजबिल, गॅसचं बिल किंवा नोंदणी केलेला भाडेकरार असं काही. भाड्याने राहणाऱ्यांचं घोडं करारावर अडतं, घरमालक नोंदणी करून देत नाहीत, तेव्हा त्याची तयारी आत्तापासून करा. आमच्या टोळीत मी दोनदा विषय काढला. तरुण पोरं तयार आहेत. वडिलांच्या वयाची माणसं नाही म्हणतात, गावच्या ग्रामपंचायतीतलं आणि सोसायटीतलं मत सोडायला त्यांचा जीव होत नाही. रविवारी मार्केट बंद असतं, तेव्हा ज्यांना यायचंय त्यांनी कागद घेऊन या, मी बसून फॉर्म भरून देईन.